दुपारचा बॅकअप

पायलने ताटातली भाजी नुसती इकडची तिकडे केली, तेव्हाच मला समजलं की दवाखान्यात काहीतरी बिघडलं आहे.

पायल माझी नात. आई-वडील नोकरीपायी पुसदला, ही दारव्ह्यात माझ्याजवळ. यवतमाळला कॉम्प्युटरचं शिकली आणि आमच्या बाजारओळीपलीकडे डॉक्टर सत्यशीलाबाईंच्या दवाखान्यात लागली. तिथे सिकलसेलचे पेशंट येतात, पार ढाणकीपासून केळापूरपर्यंतचे. हा आजार रक्तातला. माझा धाकटा भाऊ भीमराज त्यानेच गेला असणार. तेव्हा कोणाला नाव माहीत नव्हतं. सांधे धरून रडायचा, तर लोक म्हणायचे वात आहे, तेल चोळा. आई चोळायची आणि तो आणखी ओरडायचा. त्याच्याबद्दल कुठे एक ओळ लिहिलेली नाही. मी आहे तोवर त्याचं दुखणं कोणाला तरी ठाऊक आहे, एवढंच.

म्हणून पायलने सांगितलं तेव्हा मीही हातातला घास ताटात ठेवला. दवाखान्याच्या मोठ्या कॉम्प्युटरची डिस्क मरणाला टेकली होती. अमरावतीहून रोशन नावाचा इंजिनियर येऊन नवी बसवणार होता, पण आधी सगळ्याची चांगली नक्कल हातात दाखवा, मगच मी स्क्रू खोलतो, असं त्याने बजावलं होतं. आणि नक्कल, म्हणजे त्यांचा तो बॅकअप, रोज अर्ध्यावर बंद पडत होता.

"त्यात असं काय असतं?" मी विचारलं.

"आजी, कोणाले कोणतं रक्त चालत नाही, हे सगळं त्याच्यात आहे. ज्याले वरच्यावर रक्त चढवा लागते, त्याले मंग वाट्टेल ते चालत नाही. चुकीचं चढलं त जीवावर येते."

मग तिने मला ते व्हर्च्युअल मशीनचं समजावून सांगितलं. खरं मशीन एकच, पण त्याच्या पोटात तीन मशीन्स आहेत असं ते भासवतं. मला ते एका घरात तीन भावांच्या तीन चुली मांडल्यासारखं वाटलं. पेशंटची माहिती मधल्या चुलीवर. रोज त्या अख्ख्या मशीनची आहे तशी प्रत काढायची आणि दुसऱ्या इमारतीत ठेवायची, म्हणजे दवाखान्याला आग लागली तरी प्रत शाबूत. ही दुसरी इमारत म्हणजे आमचं घर. पायलच्या खोलीत एक काळी पेटी ठेवलेली होती, आमच्या गच्चीवर एक पांढरी डिश आणि तिच्या समोर, बाजाराच्या पलीकडे, दवाखान्याच्या गच्चीवर दुसरी. दोघी एकमेकींशी तारेवाचून, हवेतून बोलतात म्हणे.

हे काम रात्री करायचं असतं, पण दवाखाना बंद करताना भिंतीवरचा मुख्य खटकाच खाली ओढायचा, ही डॉक्टरांच्या वडिलांची रीत. त्यांच्या काळात तारांनी एकदा पेट घेतला होता. ते गेले, रीत राहिली. संध्याकाळनंतर तिथे पंखासुद्धा फिरत नाही, तर कॉम्प्युटर कुठला चालणार? म्हणून बॅकअप जेवणाच्या सुट्टीत लावलेला.

पायलने काय काय करून पाहिलं! पेटीत जागा कमी असेल म्हणून जुन्या प्रती पुसल्या. पासवर्ड बदलला. वायर बदलली. ज्या कंपनीकडून ते घेतलं होतं तिथे फोन लावला, तर बंद करून चालू करा म्हणाले. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती आमच्या गच्चीवर जाऊन डिश तपासायची. डिश जागच्या जागी. सकाळी थोडी माहिती पाठवून पाहिली की सरळ जायची. दुपारी मात्र प्रत निम्म्यात तुटायची. बरं, पडद्यावर जोडणी चालू असल्याचा हिरवा दिवा दोन्ही वेळेस.

एके सकाळी चहा पिता पिता तिने मलाच विचारलं, "आजी, असं काय आहे जे सकाळी नसते अन् दुपारी असते?"

मी म्हटलं, "ऊन." दुसरं काय सुचणार मला?

ती हसली नाही. कप ठेवला आणि गेली.

इकडे माझंही काम पडलेलं होतं. दसऱ्याआधी घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं धुवायची आमच्या भागातली रीत. आम्ही बौद्ध, आमची त्या दिवसांत नागपूरला जायची गडबड असते. तरी आईची ही सवय माझ्या हातातून गेली नाही. शेजारच्या जुबैदाच्या घराला गच्ची नाही, म्हणून तिच्या गोधड्याही आमच्याकडेच वाळतात. ती सून म्हणून आली त्या वर्षापासून आम्ही दोघी मिळून धुतो. आता गुडघ्यांमुळे रोज थोड्या थोड्या. अकराच्या सुमाराला ओल्या गोधड्या दोरीवर पडायच्या आणि ऊन कललं की घडी होऊन खाली. पायल घरी यायची तेव्हा दिवे लागलेले असायचे.

यंदा वानरांनी उच्छाद मांडला होता. ती पांढरी डिश मोडतील याची मला धास्ती. जुबैदाने तोड काढली. दोरी डिशच्या पुढून बांधली आणि सगळ्यात जाड दुहेरी गोधड्या तिथे टाकल्या. "वानराले दिसनच नाही, त मोडन काय?" मला ते एकदम पटलं होतं.

त्याच दुपारी मी आणि जुबैदा भाकरी खात होतो आणि फोन वाजला.

"आजी, गच्चीवर जा अन् त्या डिशसमोरच्या गोधड्या काढ. साऱ्या काढ."

"ओल्या आहेत अजून."

"ओल्या आहेत म्हणूनच. मंग सांगीन. जुबैदाआजीले संग ने, एकटी नको ओढू."

डिश उन्हाने तापते का, हे हात लावून पाहायला ती दवाखान्याच्या गच्चीवर चढली होती. डिश काही तापली नव्हती. पण समोर पाहते तर आमच्या घरावर माझी हिरव्या लुगड्याची गोधडी लोंबकळत होती. ओलं कापड त्या हवेतल्या बोलण्याला आडवं येतं म्हणे. बारीकसारीक निरोप त्यातूनही झिरपत होते, म्हणून हिरवा दिवा. मोठी प्रत मात्र ओल्या कापडात दम तोडत होती.

आम्ही दोघींनी धापा टाकत गोधड्या उतरवल्या, तेव्हा कुठे पायलने फोनवर हे सगळं सांगितलं. जुबैदा म्हणाली, "वानरापासून वाचवली, अन् आपणच वानरं निंगालो."

मला हसू आवरेना.

त्या दिवशी डॉक्टरांनी जेवणाची सुट्टी लांबवली, बाहेर बसलेल्या पेशंटना चहा पाजला आणि प्रत पूर्ण झाली. पायलचं समाधान तेवढ्यावर नव्हतं. प्रत निघाली म्हणजे झालं नाही, ती उघडली पाहिजे. खऱ्या मशीनला हात न लावता तिने ती बाजूला चालू केली आणि डॉक्टरांना हवं ते नाव विचारायला सांगितलं. त्यांनी तांड्यावरच्या पूनमसिंग राठोडांच्या नातवाचं नाव घेतलं. मुलाला कोणतं रक्त सोसत नाही ते लाल अक्षरात समोर आलं. पायल सांगते, डॉक्टर तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि एकामागून एक नावं विचारत गेल्या.

दुसऱ्या दिवशी रोशन आला. मशीन बंद करून पुन्हा लावलं, तर जुनी डिस्क उठलीच नाही. एक दिवस आधी हे झालं असतं तर काय, याचा विचार मी अजूनही करत नाही. आमच्या घरातल्या पेटीतून त्यांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. दवाखान्याचा खटका त्या संध्याकाळी पहिल्यांदाच वेळेवर खाली आला नाही. सगळे पेशंट, सगळी नावं जागेवर आल्यावरच डॉक्टरांनी तो स्वतः ओढला.

पायल घरी आली ती दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन, भांडंही न उचलता पुढच्या खोलीत आडवी झाली आणि लगेच झोपलीही. जुबैदा काहीतरी सांगायला म्हणून दारातूनच बोलत आली. मी तिला हात धरून बाहेर ओट्यावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.