तारखेच्या रकान्यावरचा बाण

"बाबा, पुन्हा दाबा," माधवी म्हणाली.

श्यामकांतांनी 'सभासद झाल्याची तारीख' या मथळ्यावर दाबलं. बाण वर झाला, उदयसिंह पहिल्या ओळीत. पुन्हा दाबलं, बाण खाली, उदयसिंह तळाला. ऐंशी ओलांडलेल्या कुसुमावतीबाई दोन्ही वेळा अधेमधेच. गेल्याच वर्षी छावणीत बदलून आलेला हा हवालदार मंडळात सर्वांत जुना कसा, हे श्यामकांतांना काही केल्या कळेना.

निवृत्तीनंतर इकडे उत्तरेत, लेकीच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून, व्हिडिओ पाहून ते वेबसाइट करायला शिकले होते. मराठी मंडळाच्या सभासदांचा तक्ता ही त्यांची पहिली कामगिरी. एकाआड एक ओळ फिकट केशरी. पान उघडलं की सर्वांत जुना सभासद आपोआप वर यावा, अशी सोय. मोबाइलवर तक्ता मावेना म्हणून नावं तेवढी समोर ठेवून बाकीचे रकाने बाजूला सारलेले. दिसायला झकास होतं, आणि माणूस दिसण्यालाच भुलतो.

मंडळाच्या गणपतीची पहिली आरती सर्वांत जुन्या सभासदाच्या हातून व्हायची. आजवर ती करणारे दामूअण्णा हिवाळ्यात वारले, म्हणजे यंदाचा मान कुसुमावतीबाईंचा. पण नवे सेक्रेटरी राजीव जुन्या मंडळींना ओळखत नव्हते. त्यांनी मोबाइलवर पान उघडलं, पहिलं नाव वाचलं आणि फोन लावला. फौजी म्हणून आपल्याला मान दिला असं समजून उदयसिंहने आईला साताऱ्याहून बोलावून घेतलं. आज सकाळी, ऐन चतुर्थीला, हे सगळं श्यामकांतांच्या कानावर आलं होतं.

माधवीने तारखा न्याहाळल्या. "बाबा, हे तारीख म्हणून वाचतच नाहीये. नुसती अक्षरं समजतंय. आधी दिवस बघतं. उदयसिंह एक तारखेला मेंबर झाले, कुसुम आजी सव्वीसला. सालापर्यंत पोचतंय कुठे?"

"म्हणजे पहिल्यापासून चूकच?"

"बिल्कुल."

त्यांनी राजीवना फोन केला. "काका, यार, आत्ता सांगताय? त्यांची आई हॉलवर पोचलीसुद्धा. तुम्हीच बोला, काय करू?"

"हॉलवर येतो," म्हणून श्यामकांतांनी फोन ठेवला. एकीचा मान राखावा तर दुसरीचा जातो, आणि दोघींचा काही दोष नाही. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

कुसुमावतीबाई हॉलच्या पायरीवरच भेटल्या. श्यामकांतांनी सगळं सांगून टाकलं. बाण, रकाना, दिवस, साल. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

"म्हणजे मी किती जुनी, ते त्या तक्त्याला दिसलंच नाही," त्या म्हणाल्या.

"माझी चूक आहे, कुसुमताई. तुम्ही म्हणाल तर अजून सांगतो राजीवना."

कुसुमावतीबाईंनी आत पाहिलं. उदयसिंहची आई डोक्यावर पदर घेऊन गणपतीसमोर उभी होती, एका हाताने लेकाची बाही घट्ट धरून.

"आता त्या माउलीला मागे हो म्हणायचं? राहू दे."

पहिली आरती उदयसिंहच्या हातून झाली. मागच्या रांगेत कुसुमावतीबाईंनी टाळ्या वाजवल्या, आरती शेवटपर्यंत म्हटली.

"दुरुस्त झालं का रे ते?" प्रसाद घेताना त्यांनी विचारलं.

"हो, माधवीने केलं. आता तुम्ही पहिल्या."

"अच्छा. बरं झालं."

प्रसादाची पुडी ठेवायला त्यांनी पिशवी उघडली. आत रुमालावर सासूबाईंचं चांदीचं निरांजन होतं, घासूनपुसून लख्ख केलेलं, फुलवात कोरडीच. पुडी त्यांनी जपून त्याच्या शेजारी ठेवली.