दीडशेची रेघ

टेबलावर बारा वस्तू होत्या: तापमापी दोन, भिंगं तीन, कोपरा उडालेला लोलक एक, नालाकृती चुंबक एक आणि परीक्षानळ्या पाच. तेरावी वस्तू टेबलावर मावत नव्हती. उंची मोजायची ती लाकडी पट्टी तिने भिंतीला टेकवून ठेवली, ओल्या फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसली आणि सवयीने पर्समधून स्टीलचा टेप काढला.

वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. तिथून कुठलीच वस्तू तपासल्याशिवाय बाहेर जात नसे, मग घरातून तरी कशी जाणार? पट्टीवरचे आकडे पन्नासपासून सुरू होत होते. त्याखाली नुसतंच पांढऱ्या रंगाचं लाकूड. तिने टेप जमिनीपासून पन्नासच्या रेघेपर्यंत ओढला. अठ्ठेचाळीस. पुन्हा ओढला. अठ्ठेचाळीसच.

तिने पट्टी आडवी करून खालचं टोक उजेडात धरलं. तेवढ्यात दार वाजलं.

हेडमास्तर आले होते. आईचे जुने विद्यार्थी, आता आई विज्ञान शिकवायची त्याच शाळेचे मुख्य. आईला जाऊन पंधरवडा झाला होता. उद्या शाळेत शोकसभा होती आणि या सगळ्या वस्तू प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात कायमच्या मांडायच्या होत्या.

“झाली का तयारी? खाली टेम्पो उभा आहे. पण ही पाटी बघ आधी.”

त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती: ‘बाईंचं माप, कधीच न चुकलेलं’.

“दादा, ही पट्टी दोन सेंटिमीटर खोटी आहे.”

“तुझा टेप खोटा असेल.”

“माझ्या टेपला सर्टिफिकेट आहे.”

“आणि बाईंना लागतं होय सर्टिफिकेट?” हेडमास्तर हसले. “अगं, पोटच्या पोरीचा अर्धा मार्क ज्यांनी सोडला नाही, त्या खोटी पट्टी वापरतील?”

तो अर्धा मार्क सगळ्या शाळेला ठाऊक होता. नववीत तिने एका उत्तरापुढे एकक लिहिलं नव्हतं. आईने अर्धा मार्क कापला आणि पहिला नंबर दुसऱ्या मुलीकडे गेला. त्या संध्याकाळी तिने ताट बाजूला सारलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, “एकक नाही, तर उत्तर नाही,” आणि दूध गरम करायला उठली होती. गेले पंधरा दिवस माणसं येत होती, डोळे पुसत होती, बाईंनी आम्हाला आईची माया दिली म्हणत होती. ती प्रत्येकाला पाणी देत होती आणि मान हलवत होती.

“झिजली असेल,” हेडमास्तर म्हणाले. “इतकी वर्षं फरशीवर आपटतेय.”

“झिजलेली नाही. कापलीय. हे बघा.”

त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला. करवतीने सरळ कापून, वर पॉलिशपेपर मारून कडा गुळगुळीत केलेली होती. त्यांचं हसू हळूहळू विरलं. ते खुर्चीत बसले. पट्टी त्यांनी मांडीवर आडवी घेतली.

“बँडचे गणवेश,” ते म्हणाले. “सगळे एकाच मापाचे आले होते. दीडशेच्या खालच्यांना बँड नाही, असं ठरलं. शुक्रवारी बाईंनी मोजलं तर मी एकशे अठ्ठेचाळीस. शनिवार-रविवार मैदानातल्या दांडीला लोंबकळत होतो.”

“म्हणून तुम्हाला वटवाघूळ म्हणतात.”

“म्हणून वटवाघूळ. अजून गेटवर कुणीतरी म्हणतंच. सोमवारी बाईंनी बाद झालेल्यांना परत बोलावलं. म्हणाल्या, शुक्रवारी मी घाईत मोजलं, आज नीट उभे राहा. भरलो बरोबर दीडशे.” त्यांनी पट्टीवरची दीडशेची रेघ बोटाने शोधली. “दरवर्षी प्रार्थनेनंतर पोरांना सांगतो मी हे. दोन दिवस लोंबकळलो, दोन सेंटिमीटर वाढलो. माणसाने मनात आणलं की...”

“दोन दिवसांत कुणी वाढत नाही तेवढं.”

“तू विज्ञानवाली ना? मग तेव्हाच सांगायचंस.”

“तेव्हा मी दुसरीत होते.”

ते मोठ्याने हसले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

तिने ओल्या फडक्याची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली.

“लोकांच्या पोरांसाठी करवत चालवली तिने,” ती फडक्याकडे बघत म्हणाली.

हेडमास्तरांनी चष्मा चढवला. “पाटी बदलून आणू का?”

ती फडकं टेबलावर ठेवून समोरच्या खुर्चीत बसली.

“तूही होतीस ना बँडमध्ये? बासरी?”

“ढोल.”

“मग तुझी उंची?”

“आईनेच घेतली. इथेच, घरी. सुट्टीत शाळेच्या कपाटाला वाळवी लागायची, म्हणून ही पट्टी आमच्याकडे यायची. मी दीडशे होते. आईने मोजलं म्हणजे त्यात सूट नाही, तेही मला तर नाहीच. वर्गात सगळ्यांना सांगत फिरले होते मी, माझे दीडशे म्हणजे...”

ती थांबली. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तिला बसल्या जागेवरून दिसत होती. रंग देणाऱ्याला आईने ती चौकट कधी रंगवू दिली नव्हती. डाव्या बाजूला तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा एकीवर एक चढत गेल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे आईच्या अक्षरात आकडा होता. सगळ्यात वरच्या रेघेपुढे ‘१५० सेंमी’.

ती उठली. टेपचं टोक एका हाताने खाली धरून दुसऱ्या हाताने वर ओढायला गेली, पण फीत मधेच वाकत होती.

“दे इकडे,” हेडमास्तर म्हणाले. ते गुडघे टेकून बसले आणि त्यांनी टेपचं टोक चौकटीपाशी फरशीला घट्ट दाबलं. “धरलंय. वाच.”

तिने फीत चौकटीला चिकटवून वर नेली. रेघेशी डोळे समपातळीत यावेत म्हणून जरा वाकली. एकदा वाचलं. हात सोडून, पुन्हा फीत ओढून दुसऱ्यांदा वाचलं.

“एकशे अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली. “सेंटिमीटर.”