निकालाआधीचं लग्न

शरच्चंद्र वकील कोर्टाच्या खोलीतून बाहेर आले, तशी बसम्माने त्यांच्या कोटाची बाहीच धरली.

"पोर कवा देनार?"

"बसम्माबाई, अर्ज निकाली काढला. मुलीचं लग्न झालंय."

"लगीन? बारा वर्साची हाय की वो ती!"

वकिलांना तिच्याकडे बघवेना. एप्रिलपासून चौदा वर्षांखालच्या मुलींची लग्नं कायद्याने बंद होणार, म्हणून यंदा फाल्गुनात गल्लोगल्ली मांडव पडले होते. बसम्माच्या दिराने, केम गावच्या शिवशरणनेही त्यात आपल्या पुतणीला, महादेवीला, उजवून टाकलं. घाई सगळ्यांना होती. नव्हती ती फक्त कोर्टाला. नवरा वारल्यावर या दिराने चार वर्षांची पोर ठेवून घेतली आणि बसम्माला माहेरी हाकललं. तेव्हापासून जज्ज बदलत होते, सुट्या लागत होत्या, तारखा पडत होत्या.

"आता नवराच तिचा पालक. कोर्टाला काही करता येत नाही."

"मग आट वर्सं काय केलं वो कोर्टानं?"

वकिलांनी कागद बगलेत मारले आणि ते पायऱ्या उतरले.

आवारात टांगा उभा होता. सासरची माणसं पोरीला इथूनच घेऊन जाणार होती. हिरव्या लुगड्यात ती पार बुडून गेली होती, पण कपाळ थेट बापाचं. बसम्मा धावली ती फाटकाशी नारळ विकणाऱ्या म्हाळसाबाईकडे.

"माजी पोर सासरी चाललीया. वटी भर तिची."

"तूच भर की."

"मला कसं चालंल?"

म्हाळसाबाईने तिच्या बिनकुंकवाच्या कपाळाकडे पाहिलं आणि नारळ उचलला. बसम्मा व्हरांड्यातल्या खांबाआड जाऊन उभी राहिली. विधवेची नजर नको, सावलीही नको.

ओटी भरून झाली. पोर म्हाळसाबाईच्या पाया पडली आणि इकडेतिकडे पाहू लागली.

"माजी आई माज्यासाटी लई भांडली म्हनं," ती हळूच म्हणाली. "मग आज का आली न्हाय?"

म्हाळसाबाईची नजर खांबाकडे वळली. बसम्माने एक पाऊल पुढे टाकलं. पोरीच्या पदरातला नारळ दिसला तशी ती थांबली आणि तिने नको म्हणून मान हलवली.

"आली आसती गं," म्हाळसाबाई म्हणाली. "गाडी चुकली आसंल तिची."