वीस पावलं मागे

…आणि थडग्याच्या दगडावर ती चकती. जवळ सरकून बसा, सांगतो. गोष्ट मोठी नाही, एका गळ्याची आहे. चकती म्हणजे घोड्याच्या नालासारखी, मोठ्या बटणाएवढी, मधे पातळ रबर ताणलेली – टाळूला लावून फुंकली की रानटर्कीच्या मादीची साद निघते. एल्झीच्या नातीनं आज सकाळी मोठ्या मायेनं ती आजोबाच्या दगडावर ठेवली होती आणि एल्झीची बहीण ओव्हा हिची नजर तिथून हलेना. एल्झीला तिसाव्या वर्षापासून वरची कवळी. कवळीवर ही चकती बसतच नाही… जन्मात कधी त्यानं ती तोंडात धरली नव्हती. आणि नुसत्या गळ्यानं म्हणाल, तर त्याच्या गळ्यातून निघे तो आजारी कोंबडीचा आवाज.

साद घालायची ती ओव्हा.

केंटकीच्या या डोंगरांत एप्रिल उजाडला की ओल्या पानांचा तो वास, एल्झी बंदूक घेऊन पुढे, आणि ओव्हा वीस पावलं मागे, पडलेल्या ओंडक्याआड, नुसत्या गळ्यानं साद घालत – रीतच ती. नर सादेकडे निघतो, पण मादी दिसली नाही की अर्ध्या वाटेत अडून राहतो. तो अडतो तिथे बंदूक बसलेली हवी. म्हणजे बोलावणारा नेहमी मागे, न दिसणारा. पक्षी ज्यानं पाडला त्याचा… असू दे त्याचा. पण दुकानाच्या पायरीवर एल्झी सांगायचा, "मीच बोलावला, नुसत्या गळ्यानं," आणि ओव्हा पिठाची पिशवी छातीशी धरून ऐकायची. चारचौघांत भावाचं हसं नको, म्हणून गप्प राहिली. एक वर्ष. मग चाळीस.

खरं ठाऊक होतं ते एकट्या डॉर्थाला, एल्झीच्या बायकोला. गेल्या आठवड्यात ओव्हा तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली होती.

"स्मरणसभेआधी ब्रदर अर्डेल तुला विचारतील, त्याच्याबद्दल काय सांगू म्हणून. खरं सांग, डॉर्था. एवढंच मागते."

डॉर्था मक्याच्या पावाचं पीठ कालवत राहिली. "आता सत्तरीत तुला कोण हार घालणार आहे गं?" मग, पीठ भांड्यात ओतत, "बघते."

बघते… त्या एका शब्दावर ओव्हानं आठवडा काढला होता.

आता कबरस्तानातल्या छपराखाली आमचे उपदेशक, ब्रदर अर्डेल, उभे राहिले. आधी साधं बोलणं, मग शब्द हळूहळू सुरावर चढू लागले, प्रत्येक ओळीला श्वास तुटेपर्यंत ओढून शेवटी तो हुंकार – हा! – आणि ओव्हाच्या अंगावर काटा आला, नेहमीसारखाच. याच सुरानं तिला सोळाव्या वर्षी नदीपर्यंत नेलं होतं, बाप्तिस्म्याच्या गार पाण्यात. देवाचा सूर तो… त्याला खोटं कसं पेलेल?

"आणि आपला भाऊ एल्झी, हा! रानातली पाखरं बोलवायचा, हा! देवानं दिलेल्या गळ्यानं, हा!"

पेललं.

डॉर्था मांडीवरच्या रुमालाच्या घड्या मोडत होती.

तेवढ्यात समोरच्या कड्यावरून घळघळघळ – नराची आरोळी. छपराखाली हसू फुटलं, रडू फुटलं. मागच्या बाकावरून चुलतभाऊ हर्शेल पुढे वाकला. "ऐकलंस ना? एल्झीला ओ देतोय तो! तुला गं, कोंबड्या तरी हाकारता येतात का?"

"येतात की. तू नाही का आलास?"

हर्शेल खिदळला. ओव्हाला हसू आलं नाही. या दिवसांत नर मोटारीचं दार आपटलं तरी आरोळी ठोकतो, हे यांतल्या अर्ध्यांना माहीत होतं. पण आज कुणालाच ते आठवायचं नव्हतं.

मग प्रार्थना. बायकांनी उभं राहून बोलायची आमच्याकडे रीत नाही, पण प्रार्थना सगळे एकदम करतात, मोठ्यानं, ज्याची त्याच्या शब्दांत. शंभर गळे एकदम उसळले. ओव्हानं डोळे मिटले, देवाला हाक मारायला तोंड उघडलं… आणि निघालं ते क्याक, क्याक, क्याक – भरगळ्यानं, शेवटाला खरखरीत. चाळीस वर्षांत ती माणसांत कधी अशी ओरडली नव्हती.

डॉर्थाचा हात तिच्या मनगटावर आला. घट्ट.

घळघळघळ! या वेळी कड्यावरून नाही, खालून, कुंपणाजवळून. प्रार्थना विस्कटली. "एल्झी! अगं बाई, आलाच की तो!" कुणीतरी हुंदका दिला. नात रडत डॉर्थाच्या गळ्यात पडली, तसं ओव्हाचं मनगट सुटलं.

म्हणजे ही सादही त्याचीच… ओव्हाला वाटलं होतं, आता संताप येईल. आला, पण त्याला एल्झीचा चेहरा नव्हता. एल्झी मेलेला होता, आणि ती आत्तासुद्धा, शंभर माणसांच्या आवाजाआड लपूनच बोलली होती… कुणी सांगितलं होतं लपायला? इतकी वर्षं भावानं नेलं, भावजयीनं दाबलं, असं धरून बसले, आणि ओंडका मात्र मीच शोधत आले, प्रत्येक वेळी, आपल्या पायांनी. गळा भाजल्यासारखा झाला होता. पण त्याला परत एकदा ओरडायचं होतं, या शांततेत, सगळ्यांच्या तोंडावर. तिला त्याची भीती वाटली.

"आणखी कुणाचं नाव देवापुढे घ्यायचंय?" ब्रदर अर्डेल विचारत होते.

डॉर्थाचे ओठ हलल्यासारखे झाले… ओव्हानं तिकडे पाहिलं नाही. तिनं श्वास भरून घेतला होता आणि तो सोडावा की गिळावा, तिला कळत नव्हतं.

तुम्ही मात्र, बाबांनो, हात जोडाल तेव्हा ओव्हा स्टिडमची आठवण असू द्या.