विहिरीवरचा इंग्रजीचा तास

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. आता कपाटावर आडवा पडून असलो तरी माझी ऐट गेलेली नाही. काळा रंग दिलेले जाड कापड, वर-खाली लाकडी दांडी आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा संसार. भिंतीवरचे फळे जन्मभर एकच वर्ग पाहतात, मी मात्र माणसांच्या काखेत बसून गाव हिंडलो आहे.

देवणीजवळच्या एका गावात सातवीपर्यंतची शाळा होती. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या सौदामिनीबाईंनी मला आणले. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. नव्या जिल्ह्याचे शिक्षण खात्यातले साहेब येऊन सातवीचे इंग्रजी तपासणार, ते पसंत पडले तरच गावाला आठवी मिळणार, असे ठरले. आठवी मिळाली नाही तर नागम्माची शाळा संपणार होती. पोरीला शिकायला उदगीरला ठेवणार नाही, असे तिच्या वडिलांनी, किराणा दुकानदार गुंडप्पांनी, बाईंना सांगून टाकले होते. वर्गात सगळ्यात सुरेख अक्षर तिचे. तिच्यासाठी माझा जीव तुटत असे.

चालू वर्तमानकाळापाशी गाडे अडले. पुस्तकातले पहिलेच वाक्य होते, 'इट इज रेनिंग'. बाईंनी ते माझ्यावर लिहिले आणि खिडकीबाहेर बोट दाखवून काय चालले आहे ते विचारले. बाहेर ऊन रणरणत होते. नागम्माने डोळे मिटून खणखणीत सांगितले, इट इज रेनिंग. कोणी हसलेसुद्धा नाही, कारण सगळ्यांचे पाठांतर तेच होते. बाई मटकन खुर्चीत बसल्या. अंगावर ते वाक्य वागवायची मला लाज वाटली.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि वर्ग ओस पडला. टँकर विहिरीत पाणी सोडून जाई, मग ज्याचा पोहरा आधी त्याचे पाणी. एरवी बाई चिडायच्या. त्या दिवशी त्यांनी मला काखोटीला मारले, विहिरीजवळच्या लिंबाला टांगले आणि नागम्माला काय करतेस म्हणून विचारले.

"पाणी शेंदायलेय बाई."

"मग तेच इंग्रजीत सांग. पुस्तकातलं राहू दे."

नागम्मा अडखळली, पण दोर ओढता ओढता म्हणाली, "आय ॲम पुलिंग द रोप." बाईंनी ते माझ्यावर लिहिले. माझा ऊर भरून आला.

मग टँकर येईल त्या दिवशीचा तास तिथेच. कोण घागर घासते, कोण भांडते, सगळे इंग्रजीत. केवळाबाई इज शाऊटिंग हे वाक्य तर पाण्यावरून नेहमी भांडणाऱ्या खुद्द केवळाबाईंना पाठ झाले, आणि त्या ते कौतुकाने सांगत. शिंतोड्यांनी माझा रंग उडाला, पण तक्रार करायला मला फुरसत होती कुठे?

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीत टेकतात न टेकतात तोच भोंगा वाजला. साहेबांनी मुलांना बसायला फर्मावले. बाईंचा चेहरा उतरला, पण त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, आज पाणी भरलं नाही तर दोन दिवस मिळणार नाही. तपासणी विहिरीवर घ्या."

साहेब कुरकुरत का होईना, आले. विचारतील त्याचे उत्तर मुले हातातले काम न थांबवता देत होती. शेवटी गुंडप्पाही पाण्याला आले. हे नागम्माचे वडील, अशी बाईंनी ओळख करून देताच साहेबांनी तिला त्यांच्याकडे बघायला सांगितले आणि ते काय करत आहेत, असे विचारले. गुंडप्पा घागरी खाली ठेवून नुसतेच उभे होते. आता ही काय सांगणार? नागम्माने त्यांच्याकडे नीट पाहिले.

"माय फादर इज लिसनिंग टू मी."

साहेब मनापासून हसले आणि तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून, त्यांनी आठवीची मंजुरी लिहिली. पोरगी काय म्हणाली, ते गुंडप्पांनी बाईंना विचारले. बाईंनी सांगताच त्यांनी उपरण्याने डोळे टिपले आणि लेकीच्या हातातला दोर घेतला.

"हिकडं आण. पाणी म्या शेंदतो. तू तासाला बैस."

मित्रांनो, जूनमध्ये आठवी सुरू झाली आणि पहिल्या बाकावर नागम्मा बसली. आज माझ्या कापडाला भेगा आहेत. मला घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, कोरड्या फडक्याने पुसा. आणि एखादी मुलगी पाण्यासाठी वर्गातून उठली, तर तिला गैरहजर लिहू नका. मला काखोटीला मारा आणि तिच्या मागे चला.