हवेतला हात

"आला! आला गं बाई!"

पहिल्या रांगेतून किंकाळी फुटली आणि अग्निशमन दलाच्या जुन्या हॉलमधली दीडशे माणसं ताडकन उभी राहिली. आमच्या गावात मतदानालासुद्धा एवढी माणसं जमत नाहीत.

पडद्यावर आमच्या तळ्याचा धक्का होता, त्यावर एक रिकामं बाकडं. मेलेल्यांना पडद्यावर बोलावतो म्हणून गावात आलेला ब्रदर डेल्बर्ट डोळे अर्धवट मिटून लॅपटॉपला जोडलेल्या पाटीवर प्लास्टिकची लेखणी फिरवत होता. ती फिरेल तिथे बाकड्यावर एक पोरगा उमटत होता. आधी लाल टोपी, मग हसरे दात. एलियास हार्यू, वय सोळा. जानेवारीत बर्फ फुटला आणि तळ्यात गेला.

"मी काही करत नाही हो," डेल्बर्ट लेखणी न थांबवता म्हणाला. "मी नुसती वाट मोकळी करतो. आत्म्याला ना तार लागते, ना पासवर्ड. श्रद्धा लागते, श्रद्धा!"

पासवर्ड म्हणे! मी कपाळावर हात मारून घेतला. पण हसू काही येईना, कारण शेजारी कॅरिन बसली होती, एलियासची आई.

एलियासचा एक हात बाजूला पसरलेला होता, नुसता हवेत.

"तो हात पाहिलात?" डेल्बर्टने आवाज खाली आणला. "बोलावतोय तो. आईला तळ्यावर बोलावतोय."

"येते रे बाळा," कॅरिन म्हणाली.

एप्रिल महिना. वरून पांढराशुभ्र दिसणारा बर्फ या दिवसांत आतून सडलेला असतो, हे मिशिगनच्या या टोकाला शेंबडं पोरही जाणतं. तरी दुसऱ्या दिवसापासून कॅरिन त्या बर्फावर चालत जायला लागली. तिची अकरा वर्षांची सिल्वी मागून धावायची आणि कोट धरून तिला ओढत आणायची. शेजारणी मांसाच्या करंज्यांसारख्या गरम पास्ट्या घेऊन घरी यायच्या आणि वर म्हणायच्या, "नशीबवान आहेस बाई, तुझा परत तरी आला!" जीभ कशी झडली नाही त्यांची!

मी तीस वर्षं इथल्या वर्तमानपत्रात फोटो दुरुस्त केले. आता दर शनिवारी वाचनालयात पोरांना तेच शिकवते. त्या शनिवारी सिल्वी आली. केसांचं नुसतं टोपलं झालं होतं.

"मिसेस कोस्की, तो हात आईला बोलावत नाहीये. तो माझ्या खांद्यावर होता."

"म्हणजे गं?"

"मी शेजारी बसले होते. गेल्या उन्हाळ्यात रुडीमामाने फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. आई मामाशी बोलत नाही, तिने पाहिलाच नाही."

"अगं, मग सांगितलं नाहीस तिला?"

"सांगितलं. म्हणाली, तो माझ्यासाठी आला म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

मी रुडीकडून तो फोटो घेतला आणि तडक कॅरिनचं दार ठोठावलं. तिने एकदा बघून तो परत माझ्या हातात कोंबला. "डेल्बर्ट म्हणालेच होते, लोक खोटे फोटो आणून दाखवतील. आणि तुझा तर जन्मच फोटो बदलण्यात गेला, मार्लिस."

खरंच होतं ते. मग मी सिल्वीला संगणकासमोर बसवलं आणि दोन तास एकच गोष्ट शिकवली.

रविवारी कॅरिनच्या आग्रहाखातर डेल्बर्टने पुन्हा एलियासला 'बोलावलं'. चेहरा उमटला, हात उमटला, तशी मी उठले.

"ब्रदर, बहिणीलाही लेखणी धरू द्या की!"

"द्या, द्या! लेकरू आहे!" हॉल ओरडला. आता नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने लेखणी सिल्वीच्या हातात दिली आणि मनगट घट्ट धरलं. पोरीने हिसडा मारून ते सोडवलं आणि एलियासच्या हाताखालची रिकामी जागा घासायला सुरुवात केली. निळा फ्रॉक आला. गुडघ्यावरची मलमपट्टी आली, वेणी आली. शेवटी चेहरा.

"आई, ही मी आहे," सिल्वी म्हणाली. "मीपण मेलेय का?"

लोक पडद्याकडून सिल्वीकडे आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले.

"कधीकधी जिवंत आत्मेसुद्धा..." डेल्बर्ट चाचरला.

"अरे, बस खाली!" मागून कुणीतरी गरजलं.

मग मी सांगितलं. या माणसाने रुडीचा फोटो उचलला, घरी बसून दोन्ही मुलांवर बाकडं आणि पाणी रंगवलं, आणि फाइल बंद न करता इथे आणली. फाइल उघडी असेपर्यंत संगणकाला मूळ चित्र आठवत असतं. त्यात एक कुंचला असा असतो, की तो फिरवाल तेवढ्याच जागेवरचा बदल रद्द होतो आणि खालचं जुनं वर येतं. याने भावावर फिरवला, बहिणीवर फिरवला नाही. एवढाच चमत्कार. हात लटकता राहिला, म्हणून 'बोलावतोय' ही थाप मारली.

कॅरिन पडद्यापाशी गेली. मला वाटलं, एलियासला हात लावेल. ती वेणीकडेच बघत राहिली.

"ही माझ्या हातची वेणी आहे," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. जानेवारीपासून त्या पोरीचे केस कुणी विंचरले नव्हते. सिल्वी तिच्या कुशीत शिरली आणि मायलेकी तिथेच हमसून रडल्या. डेल्बर्ट कधी पसार झाला, कुणी पाहिलंही नाही.

बाबांनो, गेलेल्या माणसासाठी रडा, हवं तेवढं रडा. पण रिकाम्या जागेतून कुणी काही काढून दाखवलं, तर एकच प्रश्न विचारा: ही जागा आधी रिकामी केली कुणी? तो प्रश्न आम्ही दीडशे जणांनी पहिल्याच रविवारी विचारला असता, तर एक आई सडक्या बर्फावर चालत गेली नसती. माझ्यासकट कुणी विचारला नाही.

मे महिन्यात कॅरिन वाचनालयात आली. "मार्लिस, खोटं आहे, ठाऊक आहे मला. पण तो तसा उमटताना एकदाच दाखव."

"दाखवते," मी म्हटलं. "पण त्यासाठी आधी मला त्याला पुसावं लागेल."

तिने फोटोतल्या लाल टोपीवरून बोट फिरवलं.

"नको गं," म्हणाली. "आहे तसाच छापून दे. दोघांचा."