डोळ्यातला पिवळा डाग

जानराव वेल्डर एक नंबरचा हट्टी माणूस. तोंडातून शब्द गेला की गेला, तो परत गिळणं त्याला ठाऊक नव्हतं. नागपूरला दीक्षा घेऊन आला त्याच आठवड्यात त्याने घरातले देव नदीत सोडले आणि सहा वर्षांच्या शालूला मांडीवर घेऊन सांगून टाकलं, "माही पोरगी शाळा शिकीन. मास्तरीण होईन." भंडाऱ्याकडचं गाव सोडून तो भिलाईच्या मजुरांच्या कॅम्पात आला तो याच एका गोष्टीसाठी. पोलादाचा कारखाना उभा राहायचा तेव्हा राहील, आधी पोरगी उभी राहिली पाहिजे, असं त्याचं गणित होतं.

दीड वर्षाने, एप्रिलातल्या एका सकाळी सूर्याला ग्रहण लागलं. कॅम्पातली दारं बंद झाली, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं पडली. जानरावची आई गिरजाबाई मात्र सवयीने कोपऱ्यातली टोपली उचलून निघाली. ग्रहण लागलं की गावात 'दे दान, सुटे गिऱ्हाण' ओरडत दारोदार फिरायचं, हेच बिचारीने जन्मभर केलेलं. जानरावने टोपली तिच्या हातातून ओढली आणि पायाखाली मोडली.

"माय, आता आपन कोनाले मांगत नाही. अन् राहूले भेतही नाही." मग त्याने शालूचा हात धरला. "चाल. आपन दोघं पाहू. साऱ्या कॅम्पाले दिसू दे."

शेजारच्या अर्ध्या दारातून हिरालाल डोकावत होता. तोही वेल्डर, जानरावच्या जोडीला काम करणारा, गोंदियाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. ग्रहणाला भिणारा, पण मनाचा चांगला. त्याने आपल्या वेल्डिंगची काळी काच पुढे केली. "जानराव, काच तं लाव गा."

"तुह्या धरमाले काच लागते. माह्याले नाही लागत."

हे वाक्य जानरावला भलतंच आवडलं. पुढे चार दिवस तो ते लोकांना ऐकवत होता. रोज काळ्या काचेआडून काम करणारा माणूस, आणि त्या दिवशी अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे!

बापलेक उघड्यावर उभे राहिले. सूर्याचा लचका तुटत गेला. डोळ्यांतून पाणी गळे, ते पुसायचं आणि पुन्हा वर बघायचं. "बाबा, झोंबते," शालू म्हणाली. "झोंबू दे. वर पाय," जानराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोकडे पाहिलं तर कमलाला तोंडच नव्हतं. कान होते, केस होते, मधे धुराच्या रंगाचा गोळा. भिंतीकडे पाहिलं तर गोळा भिंतीवर. वेल्डरच्या डोळ्याला आर्क, म्हणजे वेल्डिंगचा लखलखाट, लागला की कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवतात, दोन दिवसांत डोळा बरा होतो. जानरावने आर्क लागल्याचं सांगून बटाटे ठेवले. दोन दिवस गेले, दोन महिने गेले. गोळा तिथेच.

दवाखान्यात जायला काय झालं होतं? पण गेला असता तर कॅम्प बोलला असता, पाहा, गिऱ्हाणाने धरला! ते ऐकण्यापेक्षा आंधळा झालेला बरा, असं त्याला खरोखरच वाटत होतं. हा हट्टी गप्पच बसला. मान तिरपी करून वेल्डिंग करू लागला. जोड वाकडे जाऊ लागले.

जुलैत शाळा उघडली आणि नवीनच कटकट सुरू झाली. शालू अक्षरं गाळून वाचते, फळ्यावरचं चुकीचं उतरवते, असं मास्तर सांगू लागले. आधीच्या वर्षी पहिली आलेली पोरगी! जानरावने तिला दोनदा चापट मारली. "ध्यान कुठी असते तुह्यं?" शालू रडली, पण बोलली नाही.

शेवटी फोरमनने जानरावचे चार जोड खडूने खुणा करून तोडायला लावले आणि बजावलं, डोळ्याचा कागद आण, नाही तर उद्यापासून विटा वाहा. तेव्हा कुठे स्वारी दुर्गच्या दवाखान्यात पोचली.

तिथले डॉक्टर अरुणकुमार नागपुरात शिकलेले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी बराच वेळ डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. "मघापासून तू माझ्या कानाकडे बघून बोलतो आहेस," ते म्हणाले. "समोर बघितलं तर माझं तोंड दिसत नाही ना? ग्रहण पाहिलंस?"

जानरावने मान खाली घातली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. रात्रीच्या वर्गात त्याने इंग्रजी अक्षरं गिरवली होती. कागद बाजूला धरून त्याने एकेक अक्षर जुळवलं. "मॅक्युला. म्हंजे काय जी?"

"लॅटिन शब्द आहे. डाग."

"डाग?" जानराव ताडकन उठला. जन्मभर लोकांनी त्याच्या सावलीलाही डागच म्हटलं होतं. "माह्या डोयात डाग?"

"अरे बस. माझ्याही डोळ्यात आहे, सगळ्यांच्या असतो. रोमन लोक कपड्यावरच्या डागाला हाच शब्द वापरायचे, नावाला लागलेल्या बट्ट्यालाही हाच. जाळ्याच्या भोकालासुद्धा. त्याच्या मागे शब्द आला कुठून, ते पंडितांनाही धड सांगता येत नाही. पुढे डॉक्टरांनी मेलेल्या माणसाचा डोळा उघडून पाहिला, आतल्या पडद्यावर पिवळा ठिपका दिसला. त्यांना वाटलं डाग, ठेवलं तेच नाव. नंतर कळलं, माणूस अक्षर वाचतो, तोंड ओळखतो, ते तेवढ्याच ठिपक्याने. तुझा नेमका तोच उन्हाने जळला."

"बरा होईन?"

"लगेच आला असतास तरी फारसं हातात नव्हतं. आता तीन महिने झाले. आहे ते असंच राहील."

परतताना जानराव सुन्न होता. वेल्डिंग गेलं. विटा तर विटा, पोट भरेल. पण तो डागाचा किस्सा मनातून जाईना. ज्याला डाग म्हणून नाव ठेवलं, दुनिया दिसते ती त्याच्यानेच! आणि तो बामणाच्याही डोळ्यात असतो! हे शालूला सांगायचंच, असं त्याने ठरवलं. पोरीला मारलं होतं त्याचीही लाज वाटत होती.

शालू दारात पाटी घेऊन बसली होती. त्याने सगळं सांगितलं आणि आपल्या डोळ्याची पापणी बोटाने ताणली. "पाय, याच्या आत असते. पाय बरं, माह्या डोयात."

शालूने मान तिरपी केली. आणि ती त्याच्या कानाकडे पाहू लागली.

जानरावला डॉक्टरचं बोलणं आठवलं. "शालू, माह्या तोंडाकडे पाय."

"पाहूनच तं राहिली, बाबा."

"सरळ पाय. मधात काय दिसते?"

"धुराचा गोया." मग हळूच म्हणाली, "अक्षराइवरही तोच बसते."

"कधीपासून?"

"गिऱ्हाणापासून."

"मंग सांगतलं कावून नाही, बेटा? मी मारलं तरी नाही?"

"तुमीच म्हटलं होतं ना, गिऱ्हाणानं आपल्याले काही होत नाही. मी सांगतलं असतं तं कॅम्पात तुमी खोटे पडले असते."

ज्या पोरीने शिकावं म्हणून गाव सोडलं, तिचेच डोळे जानरावने आपल्या हाताने सूर्याकडे वळवले होते. तिने झोंबतं म्हटलं होतं, आणि त्याने झोंबू दे म्हटलं होतं. घरातून गिरजाबाई काय झालं म्हणून विचारत होती. त्याने शालूला खांद्यावर उचललं आणि दुर्गच्या रस्त्याला लागला. डॉक्टर काय म्हणतील ते त्याला पाठ होतं, तरी निघाला.

पोरीला घेऊन धावणारा माणूस पाहून लोक दारांत आले. हिरालाल आडवा झाला. "काय झालं गा? गिऱ्हाण बाधलं का पोरीले?"

"गिऱ्हाण नाही!" जानराव साऱ्या कॅम्पाला ऐकू जाईल असा ओरडला. "तू काच देत होता, मी घेतली नाही. पोरीचे डोये म्या जाळले, हिरालाल. म्या!"